खाडीनं घडवलेलं पनवेल

मुंबईहून पुण्याला जायचं तर माणसं होडीनं पनवेलला उतरायची, हे मला पहिल्यांदा सांगितलं कोळीवाड्यातल्या एका वयस्कर काकांनी. मी खांदा कॉलनीत नुकतीच राहायला आले होते. सिडकोच्या वसाहतीत सगळं सेक्टर आणि प्लॉट नंबरावर चालतं. जुन्या पनवेलला आम्ही जायचो ते सोनं, कापड किंवा मासळी घ्यायला. त्या दिवशी काका दारात जाळं सांधत बसले होते. समोर ओहोटीनं उघडा पडलेला चिखल, त्यात उड्या मारणारे निवटे आणि पलीकडे तिवरांची झाडी. "तुमची कॉलनी कालची, ताई. हितं गलबतं लागायची," काका म्हणाले. कुठे, असं विचारल्यावर त्यांनी हातातल्या सुईनं समोरचा चिखल दाखवला.

त्या दिवसापासून मी हे गाव नीट बघायला लागले. रविवारी सकाळी पिशवी घेऊन निघायचं आणि एखादी आळी पायाखालून घालायची, हा माझा परिपाठच झाला. पनवेलचा बराचसा इतिहास पाण्यानं लिहिलेला आहे, असं माझं ठाम मत त्यातूनच झालं.

बोरघाटातला गाडीरस्ता १० नोव्हेंबर १८३० रोजी खुला झाला. तेव्हापासून मुंबई ते पनवेल पाण्यातून आणि पनवेलपासून पुढे जमिनीवरून, अशी वाट पक्की झाली. होडीतून उतरलेला माल इथे बैलगाड्यांवर चढायचा. बैलगाडीच्या चाकांसाठी पनवेलचं नाव होतं ते यामुळेच. रस्ता, बंदर आणि लाकूड एकत्र आलं की सुतार येणारच. भात आणि मीठ याच खाडीतून मुंबईला जायचं. वस्ती वाढली आणि १८५२ साली इथे नगरपालिका आली. कृष्णशास्त्री पुराणिकांनी १८७२ मध्ये धूतपापेश्वरचा औषधांचा कारखाना काढला तोही याच गावात. या कारखान्याची औषधं आमच्या घरात आजही असतात.

दरम्यान आगगाडी आली आणि ती कल्याण-कर्जतवरून गेली. १८६३ मध्ये बोरघाटातून रूळ पार झाले, तशी मुंबई-पुण्याची वर्दळ पनवेलला न शिवता जाऊ लागली. पनवेलला स्वतःची रेल्वे मिळायला दिवा-पनवेल मार्गाची, म्हणजे १९६४ सालाची वाट पाहावी लागली. जवळजवळ शंभर वर्षं हे गाव मुख्य वाटेपासून बाजूला राहिलं. व्यापाराचं नुकसान झालं, यात शंका नाही. तरी मला वाटतं, जुन्या पनवेलचा तळ्यांभोवतीचा आकार इतका टिकला तो त्याच शंभर वर्षांमुळे.

वडाळे, कृष्णाळे, विश्राळे, देवाळे, लेंडाळे. पनवेलच्या तळ्यांची ही नावं मी लहान मुलांना पाढ्यांसारखी म्हणायला लावते. खाडीकाठच्या गावात विहिरीचं पाणी मचूळ लागायची धास्ती असते, म्हणून पावसाचं गोडं पाणी अडवून ठेवायचं. ही तळी म्हणजे गावाचे रांजणच. बल्लाळेश्वराच्या देवळाजवळ वडाळे तळ्याच्या काठी उभं राहिलं की पाण्यात पाणकावळे बुड्या मारताना दिसतात, कमळाच्या पानांवरून पाणकोंबड्या चालतात. पुढे नगरपालिकेनं गाढी नदीवर देहरंगला स्वतःचं धरण बांधलं. आमच्या खांदा कॉलनीलाही खांदेश्वराचं देऊळ आणि त्यालगतचं तळं आहे. महाशिवरात्रीला तिथे पहाटेपासून रांग लागते. सेक्टर आखले जाण्याच्या कितीतरी आधीपासून खांदा आणि आसुडगाव ही गावं इथे नांदत होती, हे त्या रांगेत उभ्या असलेल्या गावकऱ्यांच्या गप्पा ऐकल्या की कळतं.

गाढी माथेरानच्या डोंगरातून उतरते, नेरे-विचुंबे करत पनवेलच्या अंगाला येते आणि खाडीला मिळते. वरून पावसाचा लोंढा आणि खालून भरती, दोन्ही एका वेळी आली की गावाची कोंडी होते. २६ जुलै २००५ ला तेच झालं. आमच्याकडे वीज नव्हती, फोन बंद होते. पाणी ओसरल्यावर आम्ही काही बायका पोळ्या आणि कोरडे कपडे घेऊन जुन्या गावात गेलो. भिंतींवर माणसाच्या डोक्याच्या वर चिखलाची रेघ उमटलेली होती. दुकानदार भिजलेली कापडाची ठाणं रस्त्यावर उलगडत होते. तांदूळ कुजल्याचा वास नाकातून जाईना. बेथ एल या सिनेगॉगमध्येही पाणी शिरलं होतं. बेने इस्रायली समाजाचं हे १८४९ सालचं प्रार्थनास्थळ. तोरा या धर्मग्रंथाच्या हस्तलिखित गुंडाळ्या त्या पुरात गेल्या.

कोकणातल्या या ज्यूंना गावोगावी शनिवार तेली म्हणायचे, कारण त्यांचा घाणा शनिवारी बंद असे. पेणकर, रोहेकर, नवगावकर अशी त्यांची आडनावं, बोली मराठी आणि जेवणात नारळाचं दूध. बहुतेक कुटुंबं इस्रायलला गेली. मागे राहिलेल्यांनी ते प्रार्थनास्थळ पुन्हा उभं केलं. त्या गल्लीतून जाताना मी दर वेळी थांबते. पनवेलची ओळख सांगताना ही इमारत वगळणं मला कधीच पटलेलं नाही.

जून उजाडला की बाजाराच्या कडेला प्रबळगडाच्या बाजूच्या ठाकूर आणि कातकरी बायका रानभाज्या घेऊन बसतात. पहिल्या सरींनंतर काही आठवडेच मिळणारी शेवळं, मग टाकळा, कुर्डू, भारंगी. शेवळाचा कोंब बाहेरून हिरवट-तपकिरी, सोलला की आत जांभळट दांडा आणि पिवळा भाग. तो पिवळा भाग काढून टाकायचा. माझ्या नेहमीच्या मावशी शेवळांच्या जुडीवर काकड या आवळ्याएवढ्या रानफळांचा वाटा ठेवतात आणि बजावतात, "काकडं टाकल्याबिगर करू नको, घसा धरंल." शेवळाची खाज या आंबट काकडांनी मरते. तेलात नीट परतून, सोडे घालून केलेली ती भाजी आमच्या घरात वर्षातून दोन-तीनदाच होते. "औंदा कमी निघाली. डोंगर पोखरल्यावर कुठून मिळंल?" मावशी म्हणतात. त्या डोंगरातल्या खाणींकडे बोट दाखवतात आणि मला उत्तर सुचत नाही.

इमारतीच्या गच्चीवरून पूर्वेला माथेरान आणि प्रबळगड दिसतो, त्याला लागून कलावंतिणीचा सुळका. दक्षिणेला अंगठ्यासारखा वर आलेला कर्नाळा किल्ला. त्याच्या पायथ्याचं जंगल १९६८ मध्ये पक्षी अभयारण्य झालं, महाराष्ट्रातलं पहिलं. सुरुवातीला ते साडेचार चौरस किलोमीटरच्या आसपास होतं, नंतर वाढवून बारा केलं. मुंबई-गोवा महामार्ग त्याला चिरत जातो. वाहनांचा आवाज मागे पडेपर्यंत चढलं की तांबटाची ठकठक आणि भृंगराजाच्या नकला ऐकू येतात. हिवाळ्यात पहाटे गेलं तर स्वर्गीय नर्तकाची लांब पांढरी शेपटी फांद्यांतून सळसळताना दिसते. वर सुळक्याच्या पोटात कोरलेली टाकी आहेत आणि कड्याला आग्या मोहोळं लटकलेली असतात. तिथे मोठ्यानं बोलायचं नाही, अत्तर लावून जायचं नाही आणि शेकोटी तर करायचीच नाही. हे नियम मी कॉलनीतल्या मुलांकडून वदवून घेतल्याशिवाय पुढचं पाऊल टाकू देत नाही.

कर्नाळ्याच्या वाटेवर शिरढोण लागतं. वासुदेव बळवंत फडक्यांचा जन्म इथला, ४ नोव्हेंबर १८४५ चा. त्यांचे आजोबा कर्नाळ्याचे किल्लेदार होते. ज्यानं रामोशांना जमवून इंग्रजांविरुद्ध बंड पुकारलं आणि १८८३ मध्ये एडनच्या तुरुंगात देह ठेवला, तो मुलगा रोज हाच सुळका बघत वाढला. त्यांच्या वाड्याच्या अंगणात मी मुलांना हे सांगते तेव्हा दंगा करणारी पोरंसुद्धा मान वर करून डोंगराकडे बघतात.

गच्चीच्या पश्चिमेला आता विमानतळ. उलव्याची टेकडी सपाट झाली, उलवे नदीचा प्रवाह वळवला, दहा गावठाणं उठली. त्यातल्या चिंचपाडा, कोल्ही, कोपर या गावांतली माणसं मला बाजारात भेटतात. सिडकोनं घेतलेल्या जमिनीच्या न्याय्य मोबदल्यासाठी शेतकरी नेते दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली १९८४ च्या जानेवारीत जासईला शेतकरी उभे राहिले आणि पाच जणांनी प्राण गमावले, हे ती सांगतात तेव्हा त्यांचा आवाज चढतो. साडेबारा टक्के विकसित भूखंडाची योजना त्या रक्तातून आली. २५ डिसेंबर २०२५ ला विमानं सुरू झाली. त्याचा मला आनंद आहे, माझ्या भाच्याला तिथे काम मिळालं आहे. पण खाडीचं आणि नदीचं पाणी पूर्वी जिथे पसरायचं ती खाजणं भरली गेली, तेव्हा उद्याच्या पुराचं पाणी कुठे जाईल, हा प्रश्न आम्ही नागरिकांनी सभांमधून विचारायलाच हवा. मी विचारते. गेल्या सभेत माझ्या शेजारी जाळं सांधणाऱ्या काकांचा मुलगा बसला होता. भरतीच्या वेळा, जुन्या उघाड्यांच्या, म्हणजे बांधातल्या पाण्याच्या दारांच्या जागा आणि आता बुजलेले नाले, असं सगळं त्यानं वहीच्या पानावर हातानं काढून आणलं होतं. तो कागद आता सगळ्यांच्या सह्यांनिशी महापालिकेत द्यायचा आहे, आणि सह्यांसाठी आमच्या सेक्टरातले मजले मी चढते आहे.