रविवारची अंडी

शंभर माणसांची कॉफी कशी करायची याची कृती माझ्याकडच्या एका जुन्या पुस्तकात आहे. अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्याच्या पश्चिमेला, मका आणि सोयाबीनच्या सपाट शेतांमध्ये असलेल्या एका गावच्या लुथरन चर्चमधल्या बायकांनी ते छापून घेतलं होतं. दळलेल्या कॉफीत कच्ची अंडी फोडायची, कवचंही चुरून त्यातच घालायची, सगळं कालवून उकळत्या पाण्यात सोडायचं, खदखदलं की उतरवून वरून गार पाण्याचा हबका मारायचा. गाळ अंड्याला धरून तळाशी बसतो आणि वर उरते सोनेरी, आरपार दिसणारी, कडवटपणाचा मागमूस नसलेली कॉफी. पानाच्या समासात पेन्सिलीनं एक ओळ लिहिली आहे: ‘जानेवारी असेल तर दीडशेची करावी.’

हे अक्षर तिथल्या आमच्या शेजारच्या आजींचं. नव्वदी ओलांडून त्या गेल्या आणि त्यांच्या मुलीनं हे पुस्तक माझ्या हातात ठेवलं. जानेवारीचं काय, असं मी तिला विचारलं. ती म्हणाली, ‘ही मयताची कॉफी.’ तिकडे हिवाळ्यात जमीन अशी गोठते की कुदळ लागत नाही. यंत्रं नव्हती तेव्हा शवपेटी थंडीभर ठेवून देत आणि बर्फ वितळल्यावर दफन करत. म्हणजे प्रार्थना संपली की दफनभूमीत जायचं नाही, सगळा गाव थेट चर्चच्या तळघरात जेवायला. बाहेर उणे पंचवीस असताना तिथून लवकर कोण उठणार?

लोणी लावलेल्या पावात हॅमचा तुकडा, बटाटे आणि खिम्याचं हॉटडिश, किसलेलं गाजर घालून थिजवलेली जेलीची कोशिंबीर. या तळघरांवर आणि तिथल्या बायकांवर अमेरिकेत पुष्कळ विनोद झाले. गॅरिसन कीलर यांचा ‘अ प्रेअरी होम कम्पॅनियन’ हा रेडिओवरचा कार्यक्रम १९७४ पासून कितीतरी वर्षं गाजला, त्यात लुथरन स्वभावाची थट्टा ठरलेली असे. ती प्रेमळ होती हे मला मान्य आहे, तरी मला ती फारशी रुचली नाही. दुःखात असलेल्या घराला त्या दिवशी चूल पेटवावी लागू नये, म्हणून पहाटे पाचला येऊन कुणीतरी ते जड पातेलं चुलीवर चढवलेलं असतं.

पुस्तकात त्या कृतीखाली ‘मिसेस’ आणि पुढे आजोबांचं नाव आहे. आजींचं स्वतःचं नाव पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत कुठेही नाही, इतर बायकांचंही नाही. माझ्या आजीच्या लग्नात तिचं पाळण्यातलं नावसुद्धा बदललं होतं, त्यामुळे मला त्याचं नवल वाटलं नाही. वाईट मात्र वाटलं.

आजींच्या आयुष्यातली अर्थव्यवस्था अंड्यांची होती. त्या काळी तिथल्या शेतकरी घरांत गहू-मक्याचा पैसा पुरुषांचा, तो बँकेच्या कर्जात आणि ट्रॅक्टरच्या हप्त्यात जायचा. अंडी आणि सायीचा पैसा बाईचा. आजींची आई पांढऱ्या लेगहॉर्न कोंबड्या पाळायची. संध्याकाळी स्वयंपाकघरातल्या टेबलावर अंडी पसरायची, डाग पडलेलं अंडं बारीक सँडपेपरनं हलक्या हातानं घासायचं, मग दिव्यासमोर धरून आत रक्ताचा ठिपका नाही ना ते बघायचं. एका लाकडी पेटीत तीस डझन मावायची. शनिवारी रात्री दुकानं उशिरापर्यंत उघडी असत, तेव्हा गावात जाऊन अंडी द्यायची आणि साखर, कॉफी, पोरांचे बूट घ्यायचे. पण रविवारी घातलेली अंडी या पेटीत जात नसत. त्यांची टोपली निराळी. ‘कोंबडीला वार कळत नाही, आम्हाला कळायचा,’ असं आजी म्हणायच्या. त्या टोपलीचा पैसा चर्चच्या महिला मंडळाकडे जायचा आणि तिथून काही भाग जायचा भारतातल्या संताल आदिवासींकडे.

पहिल्या भेटीत मी भारतातली आहे हे कळल्यावर त्यांनी मला मुंबई विचारली नाही, ताजमहाल विचारला नाही. ‘दुमका तुझ्या घरापासून किती लांब?’ असं विचारलं. मी चाटच पडले. लार्स स्क्रेफ्सरुड या नॉर्वेच्या माणसानं एका डॅनिश सोबत्याबरोबर १८६७ मध्ये, दुमका ज्या भागात आहे त्या संताल परगण्यात, बेनागडिया इथे मिशन सुरू केलं. तरुणपणी चोरीसाठी तुरुंगात गेलेला हा माणूस, पुढे त्यानं संताली भाषेचं व्याकरण लिहिलं. अमेरिकेत गेलेल्या नॉर्वेजियन कुटुंबांनी त्या मिशनला पैसे पाठवण्याची रीत जपली. म्हणून प्रेअरीवरच्या एका शाळकरी मुलीला दुमका ठाऊक होतं आणि महाराष्ट्रातून गेलेल्या मला त्याबद्दल धड काही सांगता येईना.

त्या गावात दोन लुथरन चर्चं आहेत, रस्त्याच्या या बाजूला एक आणि त्या बाजूला एक. देवानं कुणाला तारायचं हे आधीच ठरवलेलं असतं का, आणि असलं तर कशाच्या जोरावर, या प्रश्नावर १८८० च्या दशकात नॉर्वेजियन लुथरनांत असं भांडण पेटलं की एकेका गावात दोन-दोन मंडळ्या झाल्या. १९१७ मध्ये बहुतेक गट एकत्र आले, इमारती राहिल्या. आजींचं माहेर एका बाजूचं, सासर दुसऱ्या बाजूचं. वाद काय होता ते त्यांना नीट माहीत होतं, पण त्यावर त्या कधी बोलल्या नाहीत.

त्यांचा धर्म हातांत होता असं मला वाटतं आणि यात लुथरन पंथाचा प्रवर्तक ल्युथर त्यांच्या बाजूचा आहे. १५२२ मध्ये संसाराविषयी लिहिताना त्यानं म्हटलं आहे की बाप मुलाची दुपटी धुताना दिसला तर लोक हसतील, पण देव आपल्या सगळ्या देवदूतांसह प्रसन्न होऊन हसेल. सावता माळ्यांना विठ्ठल मळ्यातच भेटला हे लहानपणापासून ऐकलेलं, म्हणून मला ते चटकन पटलं. मात्र त्याच चर्चच्या सभेत आजींच्या आईला मत नव्हतं. रविवारच्या अंड्यांतून ऑर्गनची वर्गणी गेली होती, तरी नव्हतं. अमेरिकेतल्या दोन मोठ्या लुथरन मंडळ्यांनी बायकांना पाद्री होण्याची मुभा दिली ती १९७० साली. आजींच्या चर्चमध्ये बाई पाद्री यायला त्यानंतरही बराच काळ गेला. काही जण नाराज होते. आजींनी पहिल्याच रविवारी तिला तळघरात नेऊन कॉफीचं पातेलं कुठे असतं ते दाखवलं.

११ नोव्हेंबर १९४० ची सकाळ त्या फार रंगवून सांगायच्या. हवा इतकी उबदार की माणसं पातळ कपड्यांत बदकांच्या शिकारीला गेलेली. दुपारी हिमवादळ उठलं. एकट्या मिनेसोटात ४९ माणसं गेली, सणासाठी वाढवलेले टर्की पक्षी उभ्या जागी गोठले. आजींच्या आईनं कंबरेला दोर बांधून खुराडं गाठलं आणि सापडतील तेवढ्या कोंबड्या पोत्यात घालून घरात आणल्या. रात्रभर त्या चुलीपाशी होत्या.

‘तुमच्याकडे पावसात कोंबड्या कुठे ठेवतात?’ त्यांनी विचारलं होतं. डालग्याखाली झाकतात, मी म्हटलं. मग डालगं काढून दाखवावं लागलं, बांबूच्या कामट्या कशा विणतात तेही. पावसाळ्यात अंडी कमी होतात का? त्यांच्याकडे दिवस लहान झाले की कमी व्हायची, नाताळाच्या केकच्या वेळी नेमकी चणचण. लग्नानंतर शेतावर वीज आली तेव्हा आजोबांनी तारा कुठे कुठे न्यायच्या असं विचारलं. पहिला दिवा आजींनी स्वयंपाकघरात लावून घेतला, दुसरा खुराड्यात. त्या हिवाळ्यात कोंबड्या जानेवारीतही अंडी घालत होत्या. दिवाणखान्यात मात्र आणखी वर्षभर रॉकेलचाच कंदील होता.