माहेरचे नाव

पूर्वजांची आठवण माणसाला उगाच होत नाही. आपल्याकडे ती होते तेव्हा बहुधा कुठेतरी सातबाऱ्याचा उतारा काढलेला असतो, नाहीतर घरात लग्न ठरत असते आणि मंडळी गोत्र-देवक विचारू लागलेली असतात. एरवी पणजोबा भिंतीवरच्या तसबिरीत निवांत बसून असतात. पितृपक्षात त्यांच्या नावाने पान वाढले, की वर्षभर त्यांना आपला उपद्रव नाही आणि आपल्याला त्यांचा नाही.

अमेरिकेतली गोष्ट निराळी. तिथे पूर्वज शोधणे हा घरोघरचा छंद आहे. आपल्याकडे लोक जुनी नाणी जमवतात, तिथे पणजोबा जमवतात! याचे मला पूर्वी हसू येई. पण ज्याचे गाव सुटले त्यालाच गावाचे नाव विचारावेसे वाटते, हे तिथे गेल्यावर कळले.

२०२५ च्या मे महिन्यात, कॉलेजच्या सुटीत, मी न्यू जर्सीला माझ्या भाचीकडे गेले होते. तिचा नवरा, म्हणजे आमचे जावई, इटालियन वंशाचे. त्यांचे पणजोबा नेपल्सच्या पूर्वेला असलेल्या आव्हेल्लिनो प्रांतातल्या एका डोंगरी खेड्यातून आले आणि नेवार्क शहराच्या फर्स्ट वॉर्डात राहिले. त्या भागात तेव्हा इटालियनांची इतकी दाट वस्ती होती, की कित्येक बायांना जन्मभर इंग्रजी शिकण्याची गरजच पडली नाही. जावयांना इटलीचे नागरिकत्व हवे होते आणि म्हणून ते वर्षभर पणजोबांचे कागद गोळा करत होते. साखळी कुठे तुटलेली नसेल, तर कितव्याही पिढीतल्या वंशजाला ते मागता येत असे. पण त्याच वर्षी मार्चमध्ये इटलीच्या सरकारने कायदा बदलला आणि हा हक्क साधारणपणे आजीआजोबांपर्यंतच ठेवला. मी पोचले तेव्हा कागदांचा ढीग टेबलावर होता आणि जावई हिरमुसले होते.

“आता हे सारे बांधून माळ्यावर टाकतो, मावशी,” ते मला म्हणाले.

तेव्हा झिया म्हणाली, “टाकू नकोस. पासपोर्ट तुला हवा होता. मला माझी नॉन्ना हवी आहे.”

झिया म्हणजे जावयांच्या वडिलांची आतेबहीण. वय ८६. इटालियन भाषेत मावशी, आत्या, काकू, मामी साऱ्यांना एकच शब्द ‘झिया’. तेव्हा सारे घर तिला झियाच म्हणते. नॉन्ना म्हणजे आजी. ही नॉन्ना कोणत्या बोटीने आली, केव्हा आली, हे कुणालाच सापडत नव्हते. पणजोबा सापडले होते. त्यांची बायको मात्र जणू समुद्रातून चालत आली होती!

मी मराठी शिकवते. एम.ए.ला असताना मोडी शिकले होते, तेव्हापासून जुन्या हस्ताक्षराशी झटापट करण्याची खोड लागली आहे. इटालियन मला येत नाही, पण कागद जुना आणि अक्षर वाईट म्हटले की मला राहवत नाही. झियाने आपला बिस्किटांचा पत्र्याचा डबा उघडला आणि माझी सुटी कारणी लागली.

या कागदांमागे केवढे मोठे स्थलांतर आहे! १८८० ते १९२४ या काळात सुमारे ४० लाख इटालियन अमेरिकेला गेले. बहुतेक दक्षिणेचे. डोंगराळ जमीन, ती दुसऱ्याची, वर कर. न्यूयॉर्कच्या बंदरातल्या एलिस बेटावर १८९२ मध्ये सरकारने तपासणी-नाके उघडले. १७ एप्रिल १९०७ या एकाच दिवशी तिथून ११,७४७ माणसे पार झाली. १९२४ च्या कायद्याने इटलीचा वाटा वर्षाला ३,८४५ माणसांवर आणला आणि हा लोंढा थांबला.

जावयांच्या घरात एक गोष्ट पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते: एलिस बेटावरच्या कारकुनाने आमचे आडनाव बिघडवले. आडनावाच्या शेवटचा ‘ओ’ तिथे गळाला म्हणे. ही गोष्ट अमेरिकेत हजारो घरांत सांगतात, आणि ती खरी नाही. बेटावरचे कारकून नावे लिहीत नसत. बोट निघालेल्या बंदरात तयार झालेली यादी समोर ठेवून माणसे पडताळून पाहत. त्यांच्या हाताशी दुभाषे असत. पुढे न्यूयॉर्कचा महापौर झालेला फिओरेल्लो ला ग्वार्दिया १९०७ ते १९१० या काळात तिथे दुभाष्याचेच काम करत होता. नावे बदलली ती पुढे, शाळेत, कारखान्यात, नागरिकत्वाच्या अर्जावर. आणि पुष्कळदा माणसांनी आपणहून बदलली. पणजोबांच्या यादीत तो ‘ओ’ ठसठशीत उभा होता. पण आपण नाव टाकले असे म्हणण्यापेक्षा कारकुनाने ते घेतले असे म्हणणे मनाला सोपे जाते.

पणजोबा पहिल्यांदा १९०५ मध्ये आले होते. १९०७ च्या अखेरीस अमेरिकेत पेढ्या बुडाल्या, कामे थांबली, तेव्हा असंख्य इटालियन मजुरांप्रमाणे तेही परत गेले. १९०९ मध्ये पुन्हा आले. म्हणजे नॉन्ना त्यानंतर आली असणार. जावयांनी १९०९ ते १९१४ पर्यंतच्या याद्यांमधून नवऱ्याच्या आडनावाची एकूण एक बाई पाहिली होती. त्यांतली एकही नॉन्ना नव्हती.

डब्यात गावच्या चर्चचा एक जुना दाखला होता. त्यात नॉन्नाच्या नावापुढे वेगळेच आडनाव होते. “हे कोणाचे?” मी विचारले. झिया म्हणाली, “ते तिच्या बापाचे असेल.” जावयांनी कपाळाला हात लावला. इटलीत बाई लग्नानंतरही सरकारदरबारी बापाच्याच आडनावाने राहते. जन्म, लग्न, मुलांचे दाखले, मृत्यू, सगळीकडे एकच नाव. बोटीच्या यादीतही तेच. त्या नावाने शोधल्यावर नॉन्ना अर्ध्या तासात सापडली.

वर्ष १९१०. एका पानावर तीस माणसे. प्रत्येकाला एकोणतीस प्रश्न: लिहिता-वाचता येते का, तिकिटाचे पैसे कोणी दिले, जवळ किती डॉलर आहेत, तुरुंगात होता का, बहुपत्नीक आहात का, अराजकवादी आहात का! नॉन्ना, वय २६. लिहिता-वाचता येत नाही. जवळ १२ डॉलर. नवऱ्याकडे चालली आहे. सोबत मुलगा, वय ५. आणि त्याच्याखाली एक ओळ आणखी: मुलगी, वय दीड वर्ष.

यादीच्या शेवटी बेटावर रोखून ठेवलेल्या माणसांचा एक तक्ता असतो. एकट्या आलेल्या बाईला, नवरा किंवा नातलग न्यायला येईपर्यंत, बेटाबाहेर सोडत नसत. नॉन्नाला दोन दिवस ठेवले होते. त्या तक्त्यात तिला आणि मुलांना किती नाश्ते, किती दुपारची जेवणे आणि किती रात्रीची जेवणे दिली, त्याचा हिशेब आहे. आगबोट-कंपनीकडून वसूल करायचा तो हिशेब. दुसरा काही हेतू नव्हता. पण झियाने ते आकडे दोनदा वाचून घेतले. आपल्या आजीला तिथे जेवायला मिळाले होते, एवढे तिला पुरले.

खरी अडचण त्या दीड वर्षाच्या मुलीची होती. तिचे नाव झियाच्या आईचे नाव होते. झियाची आई तर १९१२ मध्ये नेवार्कला जन्मलेली, भावंडांत दुसरी. जावई हसले: “म्हणजे आजीने चार वर्षे चोरली!”

चर्चच्या दाखल्यावर तारीख होती, तिच्यातला महिना ‘९ब्रे’ असा लिहिलेला. जावयांनी तो सप्टेंबर धरला होता. तो सप्टेंबर नव्हे, नोव्हेंबर. जुन्या इटालियन वह्यांत सप्टेंबर ‘७ब्रे’, ऑक्टोबर ‘८ब्रे’, नोव्हेंबर ‘९ब्रे’ लिहीत. आपले सप्त, अष्ट, नव, दश त्या महिन्यांच्या पोटात बसलेले आहेत; रोमन लोकांचे वर्ष एकेकाळी मार्चपासून सुरू होई, म्हणून हे आकडे. तर मुलीचा जन्म नोव्हेंबर १९०८ चा. गावच्या कचेरीला पत्र गेले. उत्तर मी परत आल्यावर आले. भाचीने ते मला वाचून दाखवले. बाप ‘ब्राच्चांते’, म्हणजे केवळ बाहूंच्या बळावर जगणारा, शेतमजूर. आई ‘फिलात्रीचे’, सूत कातणारी. म्हणजे त्या नावाची मुलगी इटलीत खरोखरच जन्मली होती.

मग नेवार्कच्या चर्चच्या वह्या पाहिल्या. १९१२ चा बाप्तिस्मा सापडला: झियाची आई. आणि त्याच्या काही पाने आधी, जानेवारी १९११ मध्ये, त्याच नावाचे एक दफन सापडले. वय २.

दक्षिण इटलीत पहिल्या मुलीला बापाच्या आईचे नाव ठेवतात. ती मुलगी गेली, तर पुढच्या मुलीला तेच नाव देतात. आजीचे नाव घरातून जाऊ द्यायचे नाही. नॉन्नाची लेक बेटावर दोन दिवस राहिली, नेवार्कमधला एक हिवाळाही पुरता न पाहता गेली, आणि तिचे नाव धाकटीने पंच्याऐंशी वर्षे वागवले, बहुधा ते कुणाचे हे न कळता.

झिया बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, “दोन नोव्हेंबरला, मृतांच्या दिवशी, नॉन्ना आम्हाला दफनभूमीत नेई. एका ठिकाणी दगडही नव्हता, तिथे ती फूल ठेवी. आम्हाला वाटे, असे कुठेही ठेवायची गावची चाल असेल.”

जावयांनी कागद पुन्हा माळ्यावर टाकण्याची भाषा केली नाही.

मला त्या कागदांचे नवल वाटले ते एका वेगळ्याच गोष्टीसाठी. त्यांत माणसाच्या नावापुढे ‘दि’ येते किंवा ‘फू’ येते. ‘दि’ म्हणजे अमुक हयात बापाचे मूल. ‘फू’ म्हणजे कैलासवासी अमुकचे. आपल्या जुन्या कागदांत यासाठी ‘बिन’ हा शब्द असे. पण तो पुरुषांपुरता. बाईच्या नावापुढे ‘कोम’ लिहीत: अमकी कोम तमका, म्हणजे तमक्याची बायको. पुरुष कुणाचा मुलगा आणि बाई कुणाची बायको, एवढेच आपल्या दप्तराला हवे असे. इटलीच्या दप्तरात बाईसुद्धा शेवटपर्यंत कुणाची तरी लेक राहते.

यावरून इटलीत बायकांचे फार कौतुक होते असे मात्र कुणी समजू नये. १ जानेवारी १९४८ ला नवी राज्यघटना अमलात येईपर्यंत, सामान्यतः आईकडून मुलांना नागरिकत्व मिळतच नसे. वहीत नाव तिचे, हक्क मात्र बापाचा. पण नाव होते, म्हणून शंभर वर्षांनी कुणाला तरी तिच्यापर्यंत जाता आले.

आपल्या घरात काय होते ते सांगण्याची गरज नाही. ताटात तांदूळ पसरून अंगठीने नवे नाव लिहायचे, पेढे वाटायचे, आणि मुलीचे आडनावच नव्हे तर नावसुद्धा बोहल्यावर ठेवून तिने पुढे जायचे. आमच्या घरी वंशावळ आहे. नऊ पिढ्यांची, सुवाच्य, काचेत बसवलेली. तिच्यात एकही बाई नाही. नाशिकला तीर्थोपाध्यायांच्या वहीत माझ्या पणजोबांनी लिहिलेला मजकूर आहे. त्यात पणजीचा उल्लेख आहे, पण तिच्या सासरच्या नावाने. ती कोणत्या नावाने वाढली, कोणत्या हाकेला ओ देत होती, हे माझ्या वडिलांना माहीत नाही. मी कितीही मोडी वाचली तरी जे लिहिलेच नाही ते कसे वाचणार?

एकच वाट उरली होती. माझ्या वडिलांची आत्या चिपळूणला असते. वय ९१. पावसाळ्यात मी तिच्याकडे गेले आणि विचारले. तिने पणजीचे, म्हणजे आपल्या आईचे, माहेरचे नाव लगेच सांगितले. वर म्हणाली, “आजवर कुणी विचारलंच नाही गं. तुला कशाला हवंय?”

ते नाव मी इथे लिहीत नाही. ते आमच्या घरचे आहे. वंशावळीच्या काचेतला कागद मात्र काढला आणि पणजोबांच्या शेजारी ते शाईने लिहिले. नंतर आत्याचेही लिहिले, आईचे लिहिले, माझे लिहिले. कागद थोडा गर्दीचा दिसतो आता.

दिवाळी आली आहे. भाऊबीजेला घराघरांतून आत्या, मावश्या, आज्या येतील. फराळाची ताटे पुढे जातील, ओवाळणीवरून थट्टा होईल. त्यांतल्या सर्वांत वडील बाईजवळ जरा बसा आणि तिला तिचे पहिले नाव विचारा. तिच्या आईचेही विचारा. आणि ती सांगेल तेव्हा हाताशी कागद असू द्या.