अंबरपेठचे तळे आणि मुसीकाठची घरे

आपल्या भागातल्या माणसाला हैदराबाद परके नाही. कुणाची बहीण तिकडे दिलेली असते, कुणी दवाखान्यासाठी जाते, कुणी लग्नाच्या खरेदीला. नांदेडच्या गाडीने काचीगुड्याला उतरले की अंबरपेठ जवळच. या खेपेला मावशीने मला तिथला बतुकम्मा कुंटा दाखवला.

कुंटा म्हणजे लहान तळे आणि बतुकम्मा म्हणजे तेलंगणाच्या लेकीसुनांचा नऊ दिवसांचा सण, आपल्या भुलाबाई-भोंडल्याची बहीणच म्हणा ना! तरवड, कुरडू, झेंडू थरावर थर रचायचे, भोवती फेर धरायचा आणि शेवटी ती फुले पाण्यात सोडायची. पण पाणीच उरले नाही तर? जुन्या नोंदीत सुमारे १४ एकर असलेले हे तळे राडारोड्याने बुजले होते. जागा उरली ती जेमतेम ५ एकर. ती वाचावी म्हणून काँग्रेसचे ज्येष्ठ नेते व्ही. हनुमंत राव यांनी अनेक वर्षे पाठपुरावा केला. कोर्टकचेऱ्याही झाल्या. शेवटी २०२४ साली स्थापन झालेल्या ‘हायड्रा’ या सरकारी यंत्रणेने २०२५ मध्ये तळे खोदले आणि त्याच वर्षी सप्टेंबरात ते लोकांसाठी खुले झाले.

मन प्रसन्न झाले. पण मावशी म्हणाली, “आता नदीकडेही चल.”

मुसी इथून जवळच वाहते. पाण्याचा वास आधी येतो, नदी नंतर दिसते. २०२४ च्या सप्टेंबरात नदीसुधारासाठी काठावरच्या घरांवर लाल अक्षरांत ‘आरबी-एक्स’ अशी खूण झाली, म्हणजे हे घर नदीपात्रात. सरकारने दोन बेडरूमची घरे देऊ केली. काही कुटुंबे गेली. बाकीच्यांचे काम, मुलांची शाळा, शेजार इथेच. ती माणसे रस्त्यावर येऊन बसली.

मला आपले पुसद आठवले. १९३० च्या जुलैत लोकनायक बापूजी अणे यांनी तिथल्या सरकारी जंगलातले गवत कापून कायदा मोडला आणि शांतपणे अटक पत्करली. कुणाला इजा नाही, काही लपवाछपवी नाही. आपले म्हणणे उघड मांडायचे आणि शिक्षा स्वतः सोसायची, यातच सत्याग्रहाचे बळ आहे.

मग मुसीकाठी बसलेली माणसे नदीच्या विरोधात होती का? तसे म्हणता येत नाही. पण नदीचेही खरे आहे. २०२५ च्या सप्टेंबरात, तळे खुले झाले त्याच सुमारास, मुसीला पूर आला आणि महात्मा गांधी बसस्थानकात पाणी शिरले. नदीला तिची जागा लागतेच. फक्त ती मोकळी करताना तिथल्या माणसाला आधी विचारायला हवे, पोटापाण्याची सोय आधी लावायला हवी. रस्त्यावर बसणारा बहुधा एवढेच म्हणत असतो, “आधी आमचे ऐका.”

परतताना पुन्हा कुंट्यावरून आलो. दोन बायका काठावर निवांत बोलत बसल्या होत्या. आपल्या गावचे तळे कुठे गेले, हे घरी जाऊन आजीला विचारायचे, असे मी ठरवून टाकले.