नाणेघाट चढून लेण्याद्रीला

गेल्या थंडीत शहापूरच्या आमच्या वस्तीतले चौदा जण, त्यात पाच मुले, नाणेघाट चढून जुन्नरच्या लेण्यांना जाऊन आलो. शनिवारी पहाटे जीपने किन्हवली, सरळगाव, टोकावडे करीत वैशाखरे गाठले आणि तेथून पायी निघालो. भाकरी, ठेचा, उकडलेली अंडी घरूनच बांधून घेतली होती.

वाचक बंधू-भगिनींनो, आधी माझी एक चूक कबूल करतो. विहारात सहलीची माहिती देताना मी ठोकून दिले होते, "नाणेघाटातली गुहा म्हणजे आपली बौद्ध लेणी." डोंगरात कोरलेले काही दिसले की ते आपलेच, अशी मनाला सवय लागली आहे. निघण्याआधी वाचनालयात बसून तिथल्या शिलालेखाविषयी वाचले आणि मान खाली गेली. सातवाहन राणी नागनिकेचा म्हणून ओळखला जाणारा तो लेख. त्यात इंद्र, संकर्षण, वासुदेव यांना वंदन आहे, अश्वमेध-राजसूय यज्ञांची नोंद आहे, आणि दक्षिणा म्हणून दिलेल्या गाई, घोडे, हत्ती, कार्षापणे यांचे आकडे आहेत. मी कारकून माणूस. खर्चाचा हिशेब कोणाचा आहे हे मला कळते! जीपमध्ये सर्वांना खरे सांगून टाकले. आमचा एक तरुण कार्यकर्ता चिडला. "मग एवढं चढायचं कशाला, भाऊ?" म्हटले, उद्यापर्यंत थांब.

वाट आधी झाडीतून सपाट जाते, मग दगडी पायऱ्यांनी सरळ अंगावर येते. पायथ्याच्या वाडीत एका ठाकर आजीने मुलांना तांब्याने पाणी दिले. म्हणाली, "म्हशाच्या जत्रेला घाटावरचे लोक बैल घेऊन याच वाटेनं उतरायचे. आता सगळे माळशेजच्या डांबरीनं जातात." माझ्या सौभाग्यवतीने तिला दोन भाकऱ्या दिल्या, आजीने ओंजळभर चिंचा दिल्या.

तीन तासांनी गुहा आली. दोन्ही बाजूंच्या भिंतींवर ब्राह्मी अक्षरे, आणि समोर राजघराण्याच्या पुतळ्यांचे जवळजवळ पावलांचेच अवशेष. पुतळे गेले, वर कोरलेली नावे राहिली. आकडेही या लेखात आहेत. भारतातल्या फार जुन्या अंकचिन्हांत त्यांची गणना होते. मुले तिथेच अडकून बसली. माथ्यावर दगडी रांजण आहे, जकात त्यात टाकीत असे सांगतात. मागे वळून पाहिले तर सगळा मुरबाड तालुका पायाखाली.

घाटघरहून गाडीने जुन्नर. रात्री नातलगांकडे मुक्काम करून सकाळी लेण्याद्रीला गेलो. तीनशेच्या आसपास पायऱ्या चढून बहुतेक लोक सातव्या लेण्यातल्या गिरिजात्मज गणपतीकडे जातात. ते लेणे मुळात भिक्खूंचा विहार. बाजूला कोरलेल्या खोल्या पाहून मुलांनी विचारलेच, "इथे कोण झोपायचे?" मी सांगितले, वाद घातला नाही. मंदिरात शिरणाऱ्या एका आजोबांनीही कान देऊन ऐकले.

शेजारच्या सहाव्या लेण्यात मात्र शांतता होती. खांबांच्या रांगेच्या शेवटी साधा स्तूप, त्यावर बुद्धमूर्ती नाही. आम्ही हलक्या आवाजात त्रिसरण-पंचशील घेतले. मग त्या तरुणाला दारावरची ओळ दाखवली. कल्याणच्या हेरणिकाचा पुत्र सुलसदत्त याने हे चैत्यगृह दान दिले, असा तिचा अर्थ. हेरणिक म्हणजे सोनार किंवा खजिनदार, असे अभ्यासक सांगतात.

"कल्याण? म्हणजे आपलं कल्याण?"

आपलेच. शहापूरहून लोकलने आपण कामाला जातो ते. त्या काळचे मोठे बंदर. तिथून जुन्नरला यायची व्यापाऱ्यांची वाट म्हणजे काल आपण चढलो तीच. राजाच्या यज्ञांचा हिशेब जिथे कोरलेला आहे, त्याच गुहेसमोरून सुलसदत्तही बहुधा चढला असेल. पोरगा काही बोलला नाही. पायातले फोड चोळत ओळीकडे बघत राहिला.

माझ्या धाकटीला ब्राह्मीचा एकच वर्ण पाठ होता. क म्हणजे बेरजेची खूण. तिने मान वर करून बराच वेळ शोधले आणि ओरडली, "बाबा, पहिलाच क आहे! कल्याणचा!"