दोनच पानं ऱ्हायनात



या समूहात सगळ्यांच्या आठवणी वाचतो, लाइक करतो आणि गप्प बसतो. बँकेत अडतीस वर्षं काढलेला माणूस आकडे लिहितो, आठवणी कुठून लिहिणार! पण परवा एका ताईंनी त्यांच्या आईच्या भरतकामाबद्दल लिहिलं, ते वाचून माझी आई डोळ्यासमोर उभी राहिली. तिला भरतकाम येत नव्हतं. तिला एकच नाद होता, कादंबऱ्यांचा. आणि त्या नादाशी जोडलेली एक गोष्ट आहे, जी मी आजवर कोणाला सांगितलेली नाही. म्हणून आज इच्छापोरहून ही जरा लांबलचक पोस्ट. सांभाळून घ्या.

आम्ही मूळ अमळनेरचे. अण्णा एका पेढीवर दिवाणजी होते. घरात आजी, अण्णा, आई, आम्ही पाच भावंडं आणि शिकायला ठेवलेला एखादा आतेभाऊ-मामेभाऊ कायमचाच. आई पहाटे साडेचारला उठायची. बंब पेटवणं, सडा, पाणी भरणं, मग चूल. सकाळी भाकरी, संध्याकाळी भाकरी, हिवाळ्यात कळण्याची. मे महिन्यात पापड, कुरडया, वर्षाचं तिखट. दुपारी धान्य निवडणं. ती बसलेली मला आठवतच नाही. आणि तरीही ती महिन्याला सहा-सात कादंबऱ्या वाचायची.

कशी वाचायची ते सांगतो. चुलीपुढे डाव्या गुडघ्याखाली पुस्तक उघडं. भाकरी तव्यावर टाकली की पाणी फिरवून ती भाजेपर्यंत चार ओळी. उलटली की आणखी चार. भाकरी फुगली की तिची नजर आपोआप वर यायची, एकही भाकरी करपल्याचं मला आठवत नाही. मात्र आमच्या घरून परत गेलेल्या प्रत्येक पुस्तकाला फोडणीचा वास असायचा आणि पानाच्या कोपऱ्यावर हळदीचा अंगठा. वाचनालयातले काका पुस्तक हातात घेतल्या घेतल्या म्हणायचे, "आज वरण होतं वाटतं!"

आजीने हाक मारली की आईचं उत्तर ठरलेलं. "उनी, उनी. दोनच पानं ऱ्हायनात!" घरात आम्ही अहिराणीच बोलायचो. दोनच पानं राहिलीत, आलेच. ती दोन पानं कधी दोन नसायची हे घरात सगळ्यांना माहीत होतं.

तेव्हा आमच्या गल्लीतल्या बायका वाचनालयात जात नसत. पुस्तक बदलायचं काम माझं. मी थोरला. आई चिठ्ठीवर तीन नावं लिहून द्यायची आणि खाली, "यातलं नसेल तर खांडेकर किंवा फडके, कुठलंही". वर्गणी महिना आठ आणे. ते ती भाजीच्या पैशांतून काढायची. एकदा यादीतलं काहीच नव्हतं, म्हणून काकांनी बाबुराव अर्नाळकरांचं एक छोटंसं पुस्तक हातात ठेवलं. मला वाटलं आई रागावणार. तर तिने ते एका संध्याकाळी संपवलं आणि म्हणाली, "यांचं अजून आण." ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी सांगतो, अर्नाळकरांनी हजाराच्या वर रहस्यकथा लिहिल्या. झुंजार, काळापहाड ही त्यांची माणसं आमच्या पिढीला सख्ख्या काकांसारखी होती. आई वाचायच्या आधी मी वाचायचो, येताना रस्त्यातच. दोन वेळा सायकलवाल्याच्या शिव्या खाल्ल्यात.

आता ती गोष्ट.

साल १९६४. थंडीचे दिवस. मी तेरा वर्षांचा, आठवीत. सगळ्यात धाकटा भाऊ दीड वर्षांचा, नुकता चालायला लागलेला. सकाळी आईने बंबातलं कढत पाणी बादलीत काढून मोरीशी ठेवलं होतं, विसण घालायचं बाकी होतं. तिच्याकडे एक कादंबरी होती, त्या दिवशी परत करायची. शेवट राहिला होता. ती मला म्हणाली, "दोनच पानं ऱ्हायनात, तवलोंग याच्याकडे बघ." आणि चुलीपुढे टेकली.

मी उंबऱ्यावर बसलो होतो. हातात भूगोलाचं पुस्तक आणि भूगोलात अर्नाळकर. काळापहाड कुठल्याशा तळघरात अडकला होता. भाऊ माझ्या पायाशी वाटीचमचा घेऊन वाजवत होता. वाजवायचं थांबल्याचं मला कळलंच नाही. किंकाळीने कळलं.

डावा हात कोपरापासून खाली आणि पोटाचा थोडा भाग भाजला. आई धावली, अण्णा त्याला उचलून डॉक्टरांकडे पळाले. दीड महिना ड्रेसिंग चाललं. तो वाचला, पण हातावरचा डाग आजही आहे.

संध्याकाळी ओसरीवर घर जमलं. आजीने विचारलं, "पोर कोणाजवळ होतं?" मी खांबाला टेकून उभा होतो. तोंडाला कोरड. आई म्हणाली, "माझ्याजवळच. मी वाचत होते." एवढंच. माझ्याकडे तिने पाहिलंही नाही.

आजीने काय काय ऐकवलं ते इथे लिहीत नाही. तीही नातवापोटीच बोलली. अण्णा काही बोलले नाहीत, त्यांनी फक्त चुलीपुढची कादंबरी उचलून माझ्या हातात दिली आणि म्हणाले, "देऊन ये. आणि हिचं नाव कमी करून ये."

मी गेलो. नाव कमी केलं. एक रुपया अनामत परत मिळाली, ती आणून अण्णांना दिली. त्या रुपयाचं ओझं मला पुढे लाखांच्या कॅशचंही वाटलं नाही.

आणखी एक. माझं अर्नाळकरांचं पुस्तक उंबऱ्यावर पालथं पडलं होतं. संध्याकाळी शोधलं तर नाही. आजीच्या हाती लागलं असतं तर सगळं उघड झालं असतं. रात्रभर झोप नाही. दुसऱ्या दिवशी शाळेत दप्तर उघडलं तर पुस्तक आत. त्याला ज्वारीचं पीठ लागलेलं. मला वाटलं, बहिणीने ठेवलं असेल. विचारायची हिंमत झाली नाही.

त्यानंतर दीड वर्ष आईने कादंबरी हातात धरली नाही. दोनच पानं ऱ्हायनात हे वाक्यच घरातून गेलं. माझं नाव मात्र वाचनालयात चालू राहिलं, कारण मी "हुशार मुलगा", माझं वाचन म्हणजे अभ्यास! मी पुस्तकं आणायचो, वाचायचो. आई कणीक मळता मळता एवढंच विचारायची, "काय झालं रे पुढे?" मी सांगायचो. सांगताना माझा आवाज बसायचा.

तिचं वाचन परत सुरू केलं ते आजीनेच, हे विशेष. श्रावणात आई आजीला पोथी वाचून दाखवायची. आजीला अक्षर येत नव्हतं, पण कान तिखट. १९६५ च्या श्रावणात आजी तापाने अंथरुणाला खिळली. पोथीचा अध्याय संपला, तशी म्हणाली, "तो पोरगा पेशव्याचं काहीतरी वाचत असतो, ते वाच." मी रणजित देसाईंची 'स्वामी' आणली होती. तीन वर्षांपूर्वीच आलेली, वाचनालयात नंबर लावून मिळायची. आई बिचकली. मग तिने वाचायला सुरुवात केली. माधवराव, रमाबाई, थेऊर... आजी उशीवर डोकं ठेवून ऐकायची. रात्री आईने पुस्तक मिटलं की आजी म्हणायची, "आखो दोन पानं वाच ना." रमाबाई सती जातात तिथे सासू-सून दोघी रडल्या. आजी बरी झाल्यावर तिनेच कनवटीचा रुपया काढून मला दिला. "जा, तिचं नाव लिहून ये."

ते सुरू झालं ते शेवटपर्यंत. आईने एक वहीही केली. तारीख, पुस्तकाचं नाव, आणि शेवटच्या रकान्यात शेरा. "बरी." "फार रडवते." "शेवट घाईत उरकला." "नायक बावळट." आमच्या बँकेच्या लेजरपेक्षा नेटकी वही!

मी १९७२ ला बी.कॉम. झालो, पुढच्या वर्षी बँकेत लागलो. बदल्या होत होत १९८६ ला सुरतेजवळ, हजिरा रोडच्या बाजूला आलो. ते दिवस या पट्ट्याच्या भरभराटीचे. क्रिभको, ओएनजीसी, मोठमोठे प्रकल्प उभे राहत होते, देशभरातली माणसं येत होती, पगाराच्या दिवशी काउंटरपुढे श्वास घ्यायला जागा नसायची. इथेच इच्छापोरला घर घेतलं आणि इथलाच झालो. अण्णा गेल्यावर, १९९१ ला, आईला आणलं. तापी लाइनने अमळनेरहून थेट सुरत. पूल ओलांडताना तिने नदीला नमस्कार केला. म्हणाली, "आपलीच तापी. फक्त म्हातारी होऊन रुंद झाली." स्वतःबद्दलच बोलत होती बहुतेक.

इथे तिची मोठी अडचण झाली. मराठी पुस्तक मिळणार कुठे? गावी गेलं की मी पिशवी भरून आणायचो, ती तीन आठवड्यांत संपायची. मग ती गुजराती पेपर घेऊन बसली. "अक्षरं आपलीच आहेत रे, नुसती डोक्यावरची रेघ काढलीय." दोन-तीन महिन्यांत ती वाचायला लागली. शेजारच्या बेनने तिला पन्नालाल पटेलांची 'मानवीनी भवाई' दिली. छप्पनियाच्या दुष्काळाची कादंबरी. वाचून झाल्यावर वहीत शेरा, "खानदेशातलीच वाटते. माणूस सगळीकडे भुकेलाच." शेजारच्या बेन आणि आई, एकीने गुजरातीत बोलायचं आणि दुसरीने मराठीत, अशा ओट्यावर तासन् तास कादंबऱ्यांवर चर्चा करायच्या.

१९९८ च्या सुमारास तिचे डोळे गेले. काचबिंदू. उशिरा कळलं. त्यात माझाही दोष आहे. "धूसर दिसतं रे" असं ती दोन-तीनदा म्हणाली होती आणि मी "मार्च एन्डिंग होऊ दे" म्हणालो होतो. बँकवाल्यांचा मार्च कधी संपत नाही.

मग दिवसा माझी मुलगी तिला वाचून दाखवायची. शाळा इंग्रजी, पण हिंदीमुळे देवनागरी येत होती. ती वाचायची, अर्थ आजी सांगायची. तिचं मराठी असं कादंबऱ्यांतूनच पक्कं झालं. रात्री जेवणानंतर माझी पाळी. श्री. ना. पेंडशांचे 'तुंबाडचे खोत' घेतलं होतं, दोन जाडजूड खंड. मी दमून यायचो, जांभया द्यायचो, पण आई सावरून बसलेली असायची. चेहरा आवाजाकडे.

एका रात्री वाचता वाचता मी थांबलो. का त्याच रात्री, माहीत नाही. म्हटलं, "आई, तो भाजला तेव्हा तू त्याला माझ्याकडे दिलं होतंस. मी अर्नाळकर वाचत होतो."

ती म्हणाली, "माहितीये. पुस्तक मीच उचललं उंबऱ्यावरनं. पिठाच्या डब्यात ठेवलं, सकाळी तुझ्या दप्तरात टाकलं."

मला काही सुचेना. पस्तीस वर्षं! विचारलं, "मग बोलली का नाहीस?"

"पोराला तुझ्यावर टाकून वाचत मीच बसले होते ना? आईचं काम होतं ते, तुझं नव्हतं. आणि माझं वाचणं तर बंद होणारच होतं. तुझं कशाला बंद करायचं?"

मी चष्मा काढून पुसत बसलो. तिला दिसत नव्हतं, पण कळलं असावं. थोड्या वेळाने म्हणाली, "वाच आता. किती राहिलं?"

बरंच राहिलं होतं. मी म्हटलं, "दोनच पानं ऱ्हायनात." ती हसली.

दुसरा खंड आम्ही पूर्ण केला. २००२ मध्ये ती गेली. तिची पुस्तकं ऑगस्ट २००६ च्या तापीच्या पुरात गेली. पाणी ओसरल्यावर कपाट उघडलं तर पुस्तकांचा नुसता लगदा. वही तेवढी वाचली, कारण ती मुलीकडे पुण्याला होती. मागच्या दिवाळीत मी ती बसून मोजली, सवय ना! सहाशेच्या वर नावं आहेत. १९६४ च्या हिवाळ्यापासून १९६५ च्या श्रावणापर्यंत एकही नाही. वही तिने नंतर केली, पण आधीची नावं आठवून लिहिली होती आणि मध्ये एक अख्खं पान कोरं सोडलं होतं. त्या पानावर शेरा नाही.

हे सगळं इथे लिहायचं कारण, माझा धाकटा भाऊ या समूहात आहे. रोज सकाळी सुविचार टाकतो तोच. आजवर त्याला एवढंच माहीत आहे की आई वाचत होती आणि तो भाजला. लहानपणी कोणी हाताबद्दल विचारलं की तो हसत सांगायचा, "आईच्या कादंबरीचा शिक्का आहे." ते ऐकून मी दरवेळी पाणी प्यायला उठायचो.

तर भाऊ, तो शिक्का आईच्या एकटीच्या कादंबरीचा नाही. निम्मा माझ्या अर्नाळकरांचा आहे. फोनवर सांगायचं चार वेळा ठरवलं, जमलं नाही. पुढच्या आठवड्यात तापी लाइनने तुझ्याकडे येतोय. वही घेऊन येतो, आईचं अक्षर बघ. बाकी हिशेब समोर बसून करू.

साठ वर्षांनी ताळेबंद जुळवला, चूक माझ्या खात्यात निघाली. चूकभूल द्यावी घ्यावी.