बोरीबंदरहून सिद्धार्थकडे

दरवर्षी 6 डिसेंबरला चैत्यभूमीवर महामानवाला अभिवादन करून आपले लाखो बांधव परतीच्या गाडीला लागतात. त्यांतले कित्येकजण बोरीबंदरला येतात, चादर अंथरून बसतात, बरोबर आणलेली भाकरी खातात आणि गाडी लागली की निघून जातात. स्टेशनाबाहेर, चालत जाण्याच्या अंतरावर, बाबासाहेबांच्या जीवनातील मोठ्या खुणा उभ्या आहेत, हे अनेकांना ठाऊकच नसते. आम्ही मुंबईत राहणारे. पण आमचेही इतकी वर्षे तसेच झाले होते.

यंदा मनमाडहून आमची आत्या आली होती. 7 तारखेला संध्याकाळच्या पंचवटीने तिला परतायचे होते. दुपार मोकळी होती. मुलांना बरोबर घेऊन आम्ही तिला हा परिसर दाखवायचे ठरवले.

आधी स्टेशन पाहिले. याच बोरीबंदरहून 16 एप्रिल 1853 रोजी पहिली प्रवासी गाडी ठाण्याला गेली. आजची इमारत त्यानंतरची. फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स या वास्तुशिल्पकाराने ती आखली. 1878 साली काम सुरू झाले आणि पुरे व्हायला सुमारे दहा वर्षे लागली. राणीच्या नावावरून व्हिक्टोरिया टर्मिनस म्हणत. 1996 साली छत्रपती शिवाजी महाराजांचे नाव मिळाले. 2004 साली जागतिक वारसा म्हणून तिची नोंद झाली. दगडात कोरलेले मोर, माकडे, वेलबुट्ट्या पाहताना मुलांच्या माना दुखल्या. फाटकाच्या एका खांबावर सिंह, दुसऱ्यावर वाघ. घुमटाच्या टोकावर प्रगतीची मूर्ती.

धाकटीने विचारले, “आजी, हा राजाचा वाडा होता का?”

आत्या म्हणाली, “रेल्वेचा वाडा गं. माझे सासरे याच रेल्वेत गँगमन होते. उन्हापावसात रूळ ठोकण्यात जन्म गेला त्यांचा. पण हा वाडा काही त्यांनी पाहिला नाही.”

आम्ही गप्प झालो. मग मुलांना मनमाडची गोष्ट सांगितली. फेब्रुवारी 1938 मध्ये मनमाडला जी. आय. पी. रेल्वेच्या अस्पृश्य कामगारांची परिषद भरली होती. अध्यक्ष होते बाबासाहेब. ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे कामगारांचे दोन शत्रू आहेत, असे त्यांनी तिथे ठणकावून सांगितले. रेल्वेत आपल्या माणसाला जन्मभर गँगमनच राहावे लागते, हेही त्यांनी मांडले. त्याला साधा पोर्टरही करीत नसत. का? तर पोर्टरला स्टेशनमास्तरच्या घरची कामे करावी लागत, आणि अस्पृश्याला घरात कोण घेणार? आत्याचे सासरे त्या परिषदेला गेले होते, असे तिची सासू सांगत असे. आणि त्या जी. आय. पी. रेल्वेचा मुख्य कारभार चाले तो याच वाड्यातून!

आज तिकीट खिडकीवर, गार्डाच्या डब्यात, इंजिनात आपली मुले-मुली दिसतात. बाबासाहेबांनी लिहिलेल्या घटनेचे हे फळ आहे. पण फलाट झाडणारे आणि रुळांवरची घाण उचलणारे हात बहुतेक कोणत्या वस्तीतून येतात, हेही आम्ही मुलांपासून लपवले नाही.

स्टेशनासमोर महापालिकेची इमारत आहे. तीही स्टीव्हन्सनेच आखलेली. तिच्या बाजूने महापालिका मार्ग जातो. एका अंगाला आझाद मैदान. आपल्या हक्कांसाठी कितीतरी मोर्चे, कितीतरी धरणी इथे झाली आहेत. याच रस्त्यावर एल्फिन्स्टन हायस्कूलची दगडी इमारत लागते. बाबासाहेब या शाळेचे विद्यार्थी. एकदा शिक्षकांनी त्यांना गणित सोडवायला फळ्याकडे बोलावले, तेव्हा मुलांनी एकच ओरडा केला. फळ्यामागे त्यांचे जेवणाचे डबे होते. ते बाटू नयेत म्हणून सगळ्यांनी धावत जाऊन आधी डबे बाजूला काढले, मग भीमरावांना फळ्यापाशी जाता आले. सरकारी शाळेत प्रवेश मिळाला होता, पण माणसांच्या मनात मिळाला नव्हता. 1907 साली बाबासाहेब मॅट्रिक झाले. त्यांच्या सत्काराच्या सभेत कृष्णाजी अर्जुन केळुसकर गुरुजींनी त्यांना स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र भेट दिले. पुढचा इतिहास आपण जाणतोच.

आत्या फाटकापाशी थांबली. चपला काढून तिने हात जोडले. थोरला हळूच म्हणाला, “आजी, ही शाळा आहे.” ती म्हणाली, “म्हणूनच.”

परत चौकात येऊन आम्ही डॉ. दादाभाई नौरोजी मार्गाला लागलो. हा जुना हॉर्नबी रोड. याच्या उत्तर टोकाला पूर्वीचे क्रॉफर्ड मार्केट आहे. आज त्याला महात्मा जोतिबा फुल्यांचे नाव आहे. आम्ही निघालो दक्षिणेला, फोर्टकडे. दुकानांपुढच्या कमानींखालून चालताना ऊन लागत नाही. याच रस्त्यावर आनंदभवन आणि बुद्धभवन आहेत. म्हणजे बाबासाहेबांनी गुरू मानलेल्या तिघांपैकी बुद्ध आणि फुले या दोघांची नावे एकाच रस्त्यावर भेटतात!

8 जुलै 1945 रोजी बाबासाहेबांनी पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन केली आणि 20 जून 1946 रोजी सिद्धार्थ कॉलेज सुरू झाले. दिवसभर नोकरी करणाऱ्या गरिबांच्या मुलांना शिकता यावे म्हणून सकाळचे वर्ग ठेवले. इथल्या ग्रंथालयात बाबासाहेबांच्या संग्रहातील ग्रंथ आहेत. या वास्तूंवर कोरलेले मोर नाहीत, घुमट नाही. पाहुणे इथे फोटो काढायला थांबत नाहीत. पण ज्या मुलाला पाहून फळ्यामागचे डबे हलवले गेले, त्याने पुढे हजारोंसाठी फळा उभा केला तो इथे. आमच्या लेखी या रस्त्यावरची सर्वांत उंच इमारत हीच.

परतताना आत्याने पदपथावरच्या दुकानातून दोन वह्या आणि दोन पेने घेतली. “नातवंडांना सांगेन, बाबासाहेबांच्या कॉलेजच्या रस्त्यावरून आणल्यात,” म्हणाली. गाडीत खिडकीपाशी बसल्यावर तिने पिशवी मांडीवर घट्ट धरली होती.

वाचक बंधू-भगिनींनो, पुढच्या खेपेला बोरीबंदरला गाडीला दोन-तीन तास अवकाश असेल, तर फलाटावर बसून राहू नका. लेकरांचा हात धरा आणि हा रस्ता चाला. राजवाडा जरूर दाखवा. पण तो दाखवताना गँगमन विसरू नका, आणि सिद्धार्थच्या दारापर्यंत गेल्याशिवाय माघारी फिरू नका.

जयभीम!