डोके ठिकाणावर आहे काय?

'सरकारचे डोके ठिकाणावर आहे काय?' हा 6 जुलै 1897च्या 'केसरी'चा मथळा वाचला की मला आधी ब्रिटिश साम्राज्य आठवतच नाही. आठवते ती सदाशिव पेठेतली कुणीतरी आजी आणि तिच्यासमोर ताक सांडून उभा असलेला नातू. मराठी घरांत हा प्रश्न दिवसातून दोनदा तरी विचारला जातो. त्याला उत्तर द्यायचे नसते, मान खाली घालायची असते. टिळकांनी तो कलेक्टरपासून व्हाइसरॉयपर्यंत सगळ्यांना एकदम विचारला. मान खाली घालायची रीत साहेबाला ठाऊक नव्हती, आणि तिथेच घोटाळा झाला.

प्रश्न मात्र रास्त होता. पुण्यात प्लेग होता, प्लेगच्या बंदोबस्तासाठी नेमलेल्या रँडसाहेबाचे सोल्जर घराघरांत शिरत होते. 22 जूनच्या रात्री, राणीच्या हीरकमहोत्सवाचा सोहळा आटोपून परतताना, गणेशखिंड रस्त्यावर रँड आणि लेफ्टनंट आयर्स्ट यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. मारेकरी सापडेनात, तेव्हा सरकारने शहरावर जादा पोलीस बसवले आणि त्यांचा खर्चही शहराच्याच माथी मारला. म्हणजे आधी प्लेग, मग सोल्जर, मग पोलीस आणि शेवटी त्यांचे बिल! अशा वेळी कुणाच्याही तोंडून आजीचेच वाक्य निघेल. पुढच्या मंगळवारी 'राज्य करणे म्हणजे सूड उगवणे नव्हे' असा दुसरा मथळा आला, आणि 27 जुलैला टिळकांना मुंबईत अटक झाली.

शाळेच्या भाषणांतून ही गोष्ट इथेच संपते: मथळा दिला, तुरुंगात गेले. टाळ्या. पण राजद्रोहाचा आरोप ठेवला गेला तो 15 जूनच्या अंकावर! म्हणजे गोळ्या झाडल्या जाण्याच्या आधीच्या आठवड्यातल्या. त्यात शिवराज्याभिषेक उत्सवाचा वृत्तांत होता आणि शिवाजी महाराजांच्या तोंडी घातलेली एक कविता. सरकारला तोंडावर विचारणारा मथळा बाजूलाच राहिला आणि अडीचशेहून अधिक वर्षांपूर्वी जन्मलेल्या राजाच्या तोंडची कविता पिंजऱ्यात उभी राहिली. यावर माझा एक तर्क आहे. त्या मथळ्यावर खटला भरायचा तर डोके ठिकाणावर आहे हे सरकारी वकिलाला पुराव्यानिशी सिद्ध करावे लागले असते. त्यापेक्षा कविता बरी.

खटल्यात न्यायमूर्ती स्ट्रॅची यांनी कायद्याचा असा अर्थ लावला की सरकारविषयी प्रेम नसणे हीच अप्रीती. टिळकांनी विचारले डोक्याविषयी, निकाल लागला हृदयाचा! ज्यूरीतल्या सहा युरोपियनांना टिळकांच्या ठायी प्रेमाचा अभाव स्पष्ट दिसला, तीन हिंदी सभासदांना दिसला नाही. शिक्षा अठरा महिने सक्तमजुरीची. प्रेम न केल्याबद्दल इतकी शिक्षा एरवी फक्त नाटकांत होते.

मुदतीआधीच, सप्टेंबर 1898मध्ये, ते सुटले. पुन्हा लेखणी हाती घेतली तेव्हा, 4 जुलै 1899ला, मथळा दिला 'पुनश्च हरिः ॐ'. मला हा सगळ्यांत आवडतो. त्यात ना तक्रार, ना शड्डू. मधल्या काळात पोथीवर जरा धूळ बसली होती, ती झटकून वाचन पुढे चालू.

1908चे मथळे जास्त गंभीर आहेत. 'देशाचे दुर्दैव' आणि 'हे उपाय टिकाऊ नाहीत' या लेखांसाठी सहा वर्षे मंडाले. न्यायासनावर होते दिनशा दावर, 1897मध्ये टिळकांच्याच बाजूने उभे राहिलेले वकील. शिक्षा ऐकून मुंबईच्या गिरणी कामगारांनी वर्षाला एक दिवस या हिशेबाने सहा दिवस संप केला. टिळक 1914मध्ये परतले ते 'गीतारहस्या'चे हस्तलिखित हातावेगळे करून आणि स्वराज्याची मागणी घेऊन. उपाय टिकाऊ नव्हता, हे ज्यांनी तो केला त्यांनीच सिद्ध करून दिले.

पण मथळ्यांचे खरे उस्ताद मला टिळकांचे जुने सहकारी आगरकर वाटतात. 1882मध्ये कोल्हापूरच्या दिवाणांच्या बदनामीच्या खटल्यात टिळकांबरोबर तुरुंगात गेले, तर बाहेर आल्यावर त्याचेही पुस्तक केले: 'डोंगरीच्या तुरुंगातील आमचे एकशेएक दिवस'. आकडासुद्धा आहेराचा! 1888मध्ये त्यांनी 'सुधारक' काढला आणि सरकार सोडून थेट वाचकांनाच धरले. एका निबंधाचे नाव पाहा: 'शहाण्यांचा मूर्खपणा अथवा आमचे प्रेतसंस्कार'. पुण्यात राहून, वर्गणीदार शहाणे असताना, हा मथळा द्यायला टिळकांपेक्षा थोडे जास्तच धैर्य लागत असावे. सरकार निदान कलम सांगून पकडते. पुणेकरांनी आगरकर हयात असतानाच त्यांची प्रतीकात्मक प्रेतयात्रा काढली, आणि ती त्यांच्याच दारावरून नेली. संस्कार यथासांग झाले असणार. तिथे हयगय करतील ते पुणेकर कसले! पुढे 1895मध्ये आगरकर खरोखर गेले, तेव्हा स्वतःच्या अंत्यविधीसाठी त्यांनी पुरचुंडीत बांधून ठेवलेले पैसे सापडले. आधी काढलेल्या यात्रेचा खर्च मात्र पुणेकरांनी त्यांच्याकडून घेतला नव्हता.

त्यांचा आणखी एक निबंध आहे, 'स्त्रियांनी जाकिटे घातली पाहिजेत'. आज तो मथळा शिंप्याच्या दुकानावरच्या पाटीसारखा वाटतो. त्या काळी असल्या विषयांनी घराघरांत धर्म बुडत असे. आता बुडालेल्या त्याच धर्माच्या पणत्या-खापरपणत्या ब्लाउजचे माप घेऊन लक्ष्मी रोडच्या आसपास फिरतात, आणि दिवाळीच्या तोंडावर शिंपी त्यांना सरळ सांगतो, आता काही घेणार नाही, तुळशीचे लग्न झाल्यावर या.